किलोमागे दहा पैसे: कोल्हापूरच्या फाउंड्री आणि मशीनशॉपवाल्यांना खुले पत्र

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत आणि शिवाजी उद्यमनगर इथं भट्टी किंवा मशीन चालवणाऱ्या सर्व मित्रांना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच एक आहे. शिरोलीत माझी जॉबिंग फाउंड्री आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या ऑर्डरप्रमाणे लोखंडाचे भाग ओतून देण्याचा कारखाना; महिन्याला दीडशे टनांच्या आसपास ओतकाम होतं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांशी रस्त्यात, बँकेत, वजनकाट्यावर नमस्कार होतो. पण जे बोलायला हवं ते बोलणं कधी होत नाही, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे: आपल्या मालातल्या दोषांवर एकत्र संशोधन करायला आपण सगळ्यांनी वर्गणी काढावी, एवढंच त्यात मागणं आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्याकडे हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीचा जॉब होता. ग्रे आयर्न म्हणजे साधं ओतीव लोखंड, ग्रीन सँड म्हणजे ओलसर वाळूचा साचा, अवघड काहीच नाही. फेटलिंग (जादा कडा घासून काढणं) आणि शॉट ब्लास्ट (छऱ्यांच्या माऱ्यानं सफाई) झाल्यावर माल इतका स्वच्छ दिसायचा की हातात घेऊन बघत राहावं. मशीनशॉपमध्ये पहिला कट बसला की कातडीच्या खाली टाचणीच्या टोकाएवढी भोकं. एका बॉडीत दोन, दुसरीत दहा, तिसरीत एकही नाही. मशीनिंगचे पैसे गेले, ग्राहकाची पैसे कापल्याची डेबिट नोट आली, आणि मशीनशॉपवाल्याशी वीस वर्षांचे संबंध असूनही दोन आठवडे आम्ही एकमेकांशी नीट बोललो नाही. त्याला वाटायचं मी दोष झाकतोय. मला वाटायचं तो फुगवून सांगतोय.

चार महिने मी त्या भोकांच्या मागे होतो. वाळूतली ओल कमी केली. वाळू बांधून ठेवणाऱ्या बेंटोनाइट मातीचा पुरवठादार बदलला. साच्यातली वाफ बाहेर जायच्या वाटा म्हणजे व्हेंट वाढवले, पोअरिंगचं म्हणजे धातू ओतण्याचं तापमान वाढवलं. आठवडाभर माल सुधारायचा आणि जोराचा पाऊस झाला की पुन्हा तेच. शेवटी स्पेक्ट्रोचे, म्हणजे धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्राचे, जुने रिपोर्ट घेऊन बसलो, तेव्हा ज्या रकान्याकडे मी कधी बघत नव्हतो तिथं ॲल्युमिनियमचा आकडा वरखाली होताना दिसला. स्क्रॅपमधून ॲल्युमिनियमचे तुकडे भट्टीत जात होते. वितळलेल्या लोखंडात ॲल्युमिनियम थोडंसं जरी असलं तरी ते साच्यातल्या वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतं. सुटा झालेला हायड्रोजन धातूत शिरतो आणि धातू थिजताना कातडीखाली बुडबुडा होऊन अडकतो. पावसाळ्यात वाळूत ओल जास्त, म्हणून भोकं जास्त. म्हणजे मी वाळूशी झुंजत होतो आणि अर्धं कारण स्क्रॅपच्या ढिगात होतं.

त्यानंतर महिन्याभराने एका लग्नात पंगतीत शेजारी एक फाउंड्रीवाले बसले होते. विषय निघाला. ते म्हणाले, "अहो, आमच्याकडं हे तीन वर्षांपूर्वी झालं. स्क्रॅपमध्ये पिस्टनचे तुकडे येत होते. भंगारवाला बदलला, स्क्रॅप निवडायला दोन माणसं बसवली, आणि थांबलं."

त्यांची भट्टी माझ्या शेडपासून चालत पाच मिनिटांवर आहे.

त्यांचा यात काही दोष नाही. मी विचारलंच नव्हतं. का विचारलं नाही, तेही सांगतो. विचारलं असतं तर माझं रिजेक्शन वाढलंय हे त्यांना कळलं असतं, त्यांच्याकडून पुरवठादाराला कळलं असतं, आणि पुरवठादाराकडून माझ्या ग्राहकाच्या कानावर गेलं असतं. ही भीती मला होती आणि मला खात्री आहे की ती तुम्हालाही आहे. या भीतीपायी आपण प्रत्येक जण तीच परीक्षा वेगवेगळ्या शेडमध्ये, स्वतःच्या पैशानं आणि स्वतःच्या झोपेची किंमत मोजून देत बसतो.

कोल्हापूर पट्ट्यात लहानमोठ्या मिळून तीनशेच्या आसपास फाउंड्री आहेत. वाळू बहुतेकांची कोकणातल्या कासार्ड्याकडची, घाट चढून आलेली. पिग आयर्न (कच्चं लोखंड), भंगार, बेंटोनाइट यांचे पुरवठादार मोजकेच. पाऊस तर सगळ्यांच्या पत्र्यावर एकच पडतो. मग दोष वेगळे कसे असतील? पिनहोल (तीच टाचणीएवढी भोकं), श्रिंकेज (धातू थिजताना आकसून पडणारी पोकळी), सँड ड्रॉप (साच्यातली वाळू निखळून पडणं), पातळ भिंतीत येणारा कडक डाग, ज्यावर मशीनशॉपवाल्याचं टूल तुटतं: ही आपल्या सगळ्यांची दुखणी आहेत आणि औषध मात्र प्रत्येक जण चोरून घेतो.

या दुखण्याची किंमत माझ्या शेडपुरती मांडतो. दीडशे टनांत एक टक्का रिजेक्शन म्हणजे दीड टन. टनाला सहाशे युनिट धरले तर नऊशे युनिट वीज वाया. तो माल परत भट्टीत जातो, लोखंडाचे पैसे सुटतात, पण मोल्डिंग, वीज, मजुरी, फेटलिंग बुडतं. माझ्या हिशोबात महिन्याला साठ-सत्तर हजार रुपये, फक्त एका टक्क्याचे. आणि आपल्यापैकी कितीजणांचं रिजेक्शन एका टक्क्यावर आहे, हे ज्याचं त्याला ठाऊक आहे.

आता थोडं मागे जातो, कारण यावर आपल्याच धंद्याच्या इतिहासात उत्तर आहे.

आपल्यातले बरेच जण आज एसजी आयर्न ओततात. लॅडलमध्ये, म्हणजे वितळलेल्या लोखंडाच्या बादलीत, मॅग्नेशियमचा मिश्रधातू टाकतो, झळाळ उठतो, धूर निघतो आणि लोखंडातला ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात बसतो. ठिसूळ ओतीव लोखंड वाकायला शिकतं. हे आलं कुठून? ब्रिटनमध्ये १९२१ साली ओतकामवाल्यांची एक संशोधन संस्था निघाली, ब्रिटिश कास्ट आयर्न रिसर्च असोसिएशन. तिथल्या फाउंड्रीवाल्यांची वर्गणी आणि सरकारचं अनुदान यांवर ती चालायची. बर्मिंगहॅमजवळ अल्व्हचर्चला तिची प्रयोगशाळा होती. तिथल्या हेंटन मॉरो नावाच्या संशोधकानं लोखंडात सिरियम नावाचा धातू मिसळून ग्रॅफाइटचे गोळे तयार होतात हे दाखवलं आणि १९४८ साली फिलाडेल्फियात अमेरिकन फाउंड्रीवाल्यांच्या परिषदेत ते जाहीर केलं. त्याच काळात अमेरिकेतल्या इंटरनॅशनल निकेल या बलाढ्य कंपनीत मॅग्नेशियमचा मार्ग सापडला होता, त्याचं पेटंट १९४९ चं. पुढं धंद्यात मॅग्नेशियमच रुळलं, ते स्वस्त आणि सोयीचं म्हणून. पण एकीकडे जगातली एक मोठी कंपनी आणि दुसरीकडे वर्गणीवर चालणारी फाउंड्रीवाल्यांची संस्था, आणि दोघं एकाच वेळी एकाच दारापाशी पोहोचले. हे मला फार मोठं वाटतं. एकेकट्या फाउंड्रीला ते जन्मात जमलं नसतं.

त्याच संस्थेच्या कामातून दोन ओळींतून वारा देणारा क्युपोला, म्हणजे कोकवर लोखंड वितळवणारी उभी भट्टी, पुढं आला. आपल्याकडे टेरी या ऊर्जाविषयक संशोधन संस्थेनं स्वित्झर्लंड सरकारच्या मदतीनं हावड्याच्या लहान फाउंड्रींसाठी त्याची रचना बसवली आणि १९९८ साली तो तिथं चालवून दाखवला. कोकची बचत झाली, धूर कमी झाला. हावड्यानंतर तो इतर ठिकाणच्या फाउंड्रींकडेही गेला. अल्व्हचर्चच्या वर्गणीतलं ज्ञान हावड्याच्या गल्लीत पोहोचलं.

परदेशाची उदाहरणं दिली की आपल्याकडे लगेच "तिकडचं वेगळं" असं म्हटलं जातं. म्हणून घरचं सांगतो. साखर कारखान्यांची उसासाठी होणारी ओढाताण आपण जन्मापासून बघतोय. एकमेकांच्या हद्दीतला ऊस पळवणं, दरावरून भांडणं, निवडणुका, सगळं. तरीही सहकारी कारखान्यांच्या ऊस उत्पादकांनी १९७५ साली पुण्याजवळ मांजरी इथं सामायिक संशोधन संस्था उभी केली. आज ती वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. गाळपाच्या टनामागे वर्गणी जाते आणि उसाची नवी वाणं, बेण्याची रोपं, माती परीक्षण, कारखान्यातली वाफेची बचत, आसवनीचं तंत्र यांवर तिथं काम होतं. भांडणारी माणसं संशोधनाला एकत्र बसतात, कारण उसावर रोग आला तर तो कारखान्याची हद्द बघून येत नाही.

द्राक्षवाले तर आपल्या आणखी जवळचे. तासगावच्या शेतकऱ्याच्या बागेत निवडलेली तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात काडीकाडीनं गावोगाव गेली. त्यांचा बागायतदार संघ आहे, चर्चासत्रं होतात, आणि शेतकरी उभा राहून शेकडो माणसांसमोर सांगतो की माझी छाटणी चुकली, माझा बाग डाऊनी रोगानं गेला, मी हे फवारलं आणि हे नडलं. ते ऐकायला मी एकदा नातेवाइकाबरोबर गेलो होतो आणि परत येताना गाडीत गप्प होतो. आपल्या एकाही सभेत मी कुणाला "माझी हीट (भट्टीतला एक घाणा) फेल गेली" असं सांगताना ऐकलेलं नाही.

आणि आपण काही एकेकटे राहणारे लोक नव्हतो. उद्यमनगरातल्या गल्लीत एकाकडे ओतकाम, दुसऱ्याकडे टर्निंग, तिसऱ्याकडे ग्राइंडिंग, चौथ्याकडे हीट ट्रीटमेंट, आणि हातगाडीवरून जॉब या शेडमधून त्या शेडमध्ये. काम आपण वाटून घेत आलो. वाळू परत वापरात आणायची सोयही क्लस्टरमधून, म्हणजे सगळ्यांनी मिळून, उभी केली, ती ज्यांनी उभी केली त्यांचे कष्ट मी बघितले आहेत आणि त्यांचे आभार मानतो. पण शिकणं मात्र आपण वाटून घेतलं नाही.

मग मी काय मागतोय?

ओतलेल्या प्रत्येक किलोमागे दहा पैसे. माझे महिन्याला पंधरा हजार होतात. माझ्यासारख्या तीस शेड आल्या तर महिन्याला साडेचार लाख, वर्षाला चोपन्न लाख. मशीनशॉपना टनांचा हिशोब लागू होत नाही, त्यांनी मशीनच्या संख्येवर द्यावं, आणि त्यांनी यावंच असा माझा आग्रह आहे. दोष जन्मतो आमच्याकडे आणि दिसतो त्यांच्याकडे. ते टेबलावर नसतील तर आम्ही आंधळ्यासारखे चाचपडत राहू.

या पैशातून इमारत बांधायची नाही आणि पहिली दोन वर्षं मोठं मशीनही घ्यायचं नाही. याबद्दल मी हट्टी आहे. माझ्या माहितीत एका ठिकाणी सामायिक प्रयोगशाळा झाली, अनुदानातून उत्तम उपकरणं आली, फीत कापली गेली. तीन वर्षांनी मी गेलो तेव्हा उपकरणावर कापड टाकलेलं होतं. चालवणारा मुलगा जास्त पगारावर पुण्याला निघून गेला होता आणि दुसरा ठेवायला पैसे कुणी द्यायचे यावर सभा चालू होती. अनुदान यंत्राला मिळतं, माणसाच्या पगाराला मिळणं अवघड असतं. म्हणून आपली वर्गणी माणसांवर खर्च व्हावी: एक अनुभवी मेटलर्जिस्ट म्हणजे धातुतज्ज्ञ, चांगल्या पगारावर, आणि त्याच्या हाताखाली दोन तरुण इंजिनिअर. तिघांनी रोज कुठल्या ना कुठल्या शेडमध्ये भट्टीजवळ उभं राहायचं. तपासण्या आज ज्या प्रयोगशाळा आहेत तिथंच पैसे भरून करून घ्यायच्या.

शिवाजी विद्यापीठ आणि आपल्या आसपासची इंजिनिअरिंग कॉलेजं यांनाही माझी विनंती आहे. शेवटच्या वर्षाची मुलं आमच्याकडे प्रोजेक्टला येतात, महिनाभर फिरतात, फोटो काढतात आणि जातात. आम्हीही त्यांना एका कोपऱ्यात बसवून ठेवतो, हे मी कबूल करतो. त्याऐवजी एम.टेक.चा एक विद्यार्थी पूर्ण पावसाळा एकाच प्रश्नावर आठ-दहा शेडमधून नोंदी घेत फिरला तर त्याचा प्रबंधही खरा होईल आणि आमचं दुखणंही कळेल.

पहिला विषय माझ्या मते पावसाळ्यातले पिनहोलच असावेत. एकाच हंगामात उत्तर कळतं, महाग उपकरण लागत नाही. जून ते सप्टेंबर रोज वाळूची ओल, हवेतली आर्द्रता, स्पेक्ट्रोवरचा ॲल्युमिनियम, पोअरिंगचं तापमान आणि मशीनिंगनंतर सापडलेली भोकं, एवढंच लिहायचं. एका शेडच्या नोंदीतून काही सिद्ध होत नाही, कारण एका वेळी चार गोष्टी बदललेल्या असतात. वीस शेडच्या नोंदी एकत्र आल्या की खरं कारण वेगळं काढता येतं. संशोधन या शब्दानं आपण दबतो, पण त्याची सुरुवात अशा वहीतूनच होते.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. माझं गुपित गेलं तर?

तुमचा दर, तुमचा ग्राहक, त्याचं ड्रॉइंग, त्या जॉबसाठी तुम्ही डोकं लढवून बसवलेलं गेटिंग (साच्यात धातू जायच्या वाटा), हे तुमचं. ते कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचंही नाही. दोष का येतो, वाळू कशी वागते, कोणत्या स्क्रॅपमध्ये काय येतं, हे सगळ्यांचं. स्पर्धा जिथून सुरू होते त्याच्या अलीकडची ही जमीन आहे. जर्मनीत १९५४ पासून लहान उद्योगांच्या सामायिक संशोधनाची जी व्यवस्था चालू आहे, ती याच रेषेवर उभी आहे: प्रश्न उद्योगांनी एकत्र ठरवायचा, काम संशोधन संस्थेनं करायचं, सरकारनं पैसे घालायचे आणि निष्कर्ष सगळ्यांना खुले. वस्तू मात्र ज्याची त्यानं बनवायची.

नोंदी देताना शेडचं नाव नको, नंबर असावा. तो नंबर कुणाचा हे फक्त त्या मेटलर्जिस्टला ठाऊक, आणि त्यानं तसा लेखी करार करावा. वर्गणी टनांवर असली तरी मत प्रत्येकाला एकच असावं, सोसायटीत असतं तसं. महिन्याला हजार टन ओतणारा आणि चाळीस टन ओतणारा, दोघांचं मत सारखं. हे मोठ्यांना खटकेल, पण हे नसेल तर लहान माणूस येणार नाही, आणि लहान शेड नसल्या तर नोंदी अपुऱ्या राहतील. निष्कर्ष एक वर्ष वर्गणीदारांकडे राहावेत आणि मग सर्वांना खुले व्हावेत, जे आले नाहीत त्यांनाही. यावर माझ्या धाकट्या भावाशी माझं भांडण झालं. तो म्हणतो, फुकट्यांना का द्यायचं? मला वाटतं, शेजाऱ्याचा माल खराब गेला की "कोल्हापूरचं कास्टिंग" असंच म्हटलं जातं, तुमचं-माझं नाव कुणी घेत नाही.

सरकारविषयी थोडक्यात लिहितो. संशोधनाच्या खर्चावर आयकरात एके काळी दुप्पट वजावट मिळायची, २०१७ पासून ती दीडपट आणि २०२० पासून एकपट झाली. ती वाढीव वजावटसुद्धा कंपन्यांनाच, आणि स्वतःचा मान्यताप्राप्त संशोधन विभाग असेल तर. आपल्यातल्या कितीतरी शेड भागीदारीत चालतात, त्यांना त्या दाराशी कधी जाताच आलं नाही. केंद्राची लघुउद्योग समूह विकास योजना सामायिक सुविधा केंद्राला मदत करते, तिचा उपयोग पुढं जरूर करू. पण आधी अर्ज आणि मग एकी असं केलं तर अनुदान संपल्यावर एकीही संपते. दोन वर्षं आपल्या पैशानं चालवून दाखवू, मग वही हातात घेऊन मुंबईला आणि दिल्लीला जाऊ आणि माणसांच्या पगारासाठी मदत मागू.

घाई मला का वाटते, तेही सांगतो. इलेक्ट्रिक गाडीत सिलिंडर ब्लॉक नाही, हेड नाही, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नाही. ट्रॅक्टर, पंप, व्हॉल्व्ह, मशीन टूल यांचं काम बराच काळ टिकेल, पण त्या कामासाठी आज इंजिनचे पार्ट ओतणारी मोठी माणसंही येतील. तेव्हा पातळ भिंतीचं एसजी, ऑस्टेंपर केलेलं (खास उष्णता-प्रक्रियेनं चिवट केलेलं) लोखंड, मशीनिंग करून पूर्ण तयार दिलेला पार्ट, असलं काम ज्याला येतं तोच टिकेल. ते शिकायला एकेकट्या शेडला जितके जॉब बिघडवावे लागतील तितके बिघडवण्याची आपली कुणाचीच ऐपत नाही. माझा मुलगा यंदा इंजिनिअर होतोय. शेडमध्ये येऊ का, असं त्यानं विचारलं, आणि मला लगेच हो म्हणता आलं नाही. तीस वर्षांत हे पहिल्यांदा झालं.

ज्यांना हे पटतं त्यांनी येत्या महिन्यात साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी माझ्या शेडमध्ये यावं. आमच्या संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनीही यावं, पण त्या दिवशी व्यासपीठ नसेल, हार नसतील. मोल्डिंगच्या जागेत सतरंजी टाकतो. मशीनशॉपवाल्यांनी येताना टूल तुटलेला किंवा भोकं पडलेला एखादा जॉब घेऊन यावा, कुणाचा आहे ते सांगू नये.

मी माझं तीन वर्षांचं रिजेक्शनचं रजिस्टर मध्ये ठेवणार आहे, नाव न झाकता. त्यात त्या चार महिन्यांची पानं आहेत. कोणत्या हीटला काय चुकलं, कुठं मी चुकीचं कारण लिहिलंय आणि कुठं लाजेपोटी काहीच लिहिलं नाही, ते मी स्वतः वाचून दाखवीन. पंगतीतल्या त्या गृहस्थांनाही बोलावलंय. ते येतो म्हणाले आहेत, आणि त्यांची वही घेऊन येणार आहेत.

आपला,
शिरोलीतला एक फाउंड्रीवाला